लिफ्टशेजारच्या नोटिशीवर ९ लाल गोल (आणि स्पेलचेकरला दिसल्या ३ चुका)

विंग_बी (गुरुवार, रात्री ९:४०)

गेल्या वर्षीपासून सोसायटीची सेक्रेटरी मी आहे. म्हणजे दुसरं कोणी तयार नव्हतं आणि मी त्या मीटिंगला उशिरा पोचले, एवढंच. तर काल ही नोटीस लॅपटॉपवर टाइप केली आणि लिफ्टशेजारच्या बोर्डावर लावली. जशी होती तशीच देते, हसायचं ते हसून घ्या:

"सर्व सभासदांना कळविण्यात येते कि येत्या १२ तारखेला, रविवारी पाण्याची टाकी धूण्यात येणार आहे. त्यामुळे दिवसभर पाणि पुरवठा बंद राहिल. सर्वांनी आदल्या दिवशी पाणी भरुन ठेवावे. जेष्ठ नागरीकांना दुसर्या दिवशी सकाळपर्यंत बोअरचे पाणी मिळेल. आपल्या सहकार्या बद्दल धन्यवाद."

आज संध्याकाळी ऑफिसातून येते तर कागदावर लाल बॉलपेनने नऊ गोल. खाली कोपऱ्यात "११/२०. पुन्हा लिहून आणणे." 'पाणि'च्या गोलातून बाण काढून समासात टीप पण लिहिलीये, "पाणि म्हणजे हात. दिवसभर हातांचा पुरवठा बंद?" लिफ्टची वाट बघत उभ्या असलेल्या दोन पोरी ते वाचून खिदळत होत्या. हे कोणी केलं ते मला माहितीये, तिसऱ्या मजल्यावरचे सर, रिटायर होऊन बारा वर्षं झाली तरी खिशाला लाल पेन असतंच.

माझी तक्रार सरांबद्दल नाहीये. मी स्पेलचेकर लावून बघितलं होतं हो! त्याने तीन ठिकाणी लाल रेघ मारली, धूण्यात, जेष्ठ आणि बोअरचे. 'बोअरचे'मध्ये काय चूक आहे? तिथेच माझा त्याच्यावरचा विश्वास उडाला. 'जेष्ठ'वर राइट क्लिक केलं तर पर्याय काय दिला, 'ज्येष्ठमध'. ज्येष्ठमध नागरिक! म्हटलं जाऊ दे, नेहमीसारखं याच्या डिक्शनरीत नसेल. मराठी लिहिताना अर्धं पान लालच असतं, बघायचीच सवय गेलीये. तर मराठीचा स्पेलचेकर इतका आंधळा का असतो आणि तुम्ही लोक नक्की काय वापरता?

चहाटळ (गुरुवार, रात्री ९:५२)

राहिल नाही राहील. एवढं एक मला येतं, बाकीच्या आठला मी पण नापास 😂

आमच्याकडे याहून भारी झालंय. बाबांना रात्री छातीत दुखलं म्हणून दवाखान्यात नेलं, भावाने घरच्या ग्रुपवर बोट घासून मेसेज टाकला आणि फोनने त्याचं केलं "बाबांना दिवाणखान्यात हलवलंय, घाबरू नका". आता यावर माणूस कशाला घाबरेल. मावशीने अंगठा दाखवला, काकांनी लिहिलं "छान केलंत, तिथे वारा चांगला येतो". सकाळी नऊपर्यंत एकाचाही फोन नाही, आई इकडे चिडलेली की नातेवाईक म्हणून कोणी चौकशी करत नाही. (बाबा आता ठणठणीत आहेत. दिवाणखान्यातच असतात.)

कानामात्रा (गुरुवार, रात्री ११:१५)

विंग_बी, थोडं लांबण लागेल पण तुमची नोटीस उदाहरण म्हणून इतकी झकास आहे की राहवत नाही. मी काही वर्षं याच कामात डोकं घातलंय.

लिब्रेऑफिस, फायरफॉक्स वगैरे जो स्पेलचेकर वापरतात तो हनस्पेल, हा मुळात हंगेरियन भाषेसाठी बनवला होता. का, तर हंगेरियनमध्येही आपल्यासारख्या शब्दाला शेपट्या लागतात. त्याच्या दोन फाइली असतात, एकीत मूळ शब्दांची यादी आणि दुसरीत शेपट्यांचे नियम. आता 'घर' घ्या. घरं, घराला, घरात, घरातला, घरातल्या, घरासमोर, घरासमोरचा, घरासमोरच्यानेच, घरातल्यांनासुद्धा. एका घराची एवढी चाळ. हनस्पेल साधारण एकावर एक अशा दोन शेपट्या सोलतो, आपला माणूस बोलता बोलता चार लावतो. मग जे सोलता येत नाही ते सगळं लाल. 'बोअर' हा बोअरवेलचा बोअर यादीतच नसणार, त्यामुळे 'बोअरचे' चूक. मूळ शब्द नाही तर शेपटी कितीही बरोबर असो.

बरं, शेपटी लागताना आधीचा शब्द पण हलतो. गरीब पण गरिबाला, वकील पण वकिलाला, फूल पण फुलाला, दूध पण दुधात. म्हणजे शेवटून दुसरं अक्षर दीर्घ होतं ते ह्रस्व झालं. नियम सोपा आहे म्हणून घालून टाकावा, तर 'शरीर' आडवं येतं. शरीरात, शरिरात नाही, कारण तो संस्कृतातून जसाच्या तसा आलेला. गरीब आणि शरीर दिसायला सख्खे भाऊ, कॉम्प्युटरला कसं कळणार कोण कुठून आला? यादीत एकेका शब्दासमोर त्याचं कुळ माणसाने बसून भरावं लागतं. आणि ते काम कोण करतं, तर नोकरी सांभाळून रात्री बसणारे चार हौशी लोक. इंग्रजीत 'हाउस'चं 'हाउसेस' झालं की संपलं, त्यामुळे तुलना करू नका.

आता तुमचे न पकडलेले सात. 'पाणि' हा खरोखरचा शब्द आहे, चक्रपाणि, पाणिग्रहण, कोशातून यादी केली असेल तर तो असणारच. 'कि' हिंदीत बरोबर आहे, आपल्याकडे तिथूनच शिरलाय. 'सहकार्या' हे अर्धवट रूप म्हणून ठीक, 'बद्दल' शब्द म्हणून ठीक, मध्ये जागा सोडली ही चूक त्याला दिसतच नाही, तो एकेक शब्द सुटा बघतो. (फोनवर तर हा रोगच झालाय. पर्याय निवडला की कीबोर्ड आपणहून पुढे जागा सोडतो, म्हणून सगळीकडे 'मुलां साठी', 'घरा समोर'.) भरुन, राहिल, नागरीकांना हे जालावर इतक्या वेळा लिहिलेलं सापडतं की तिथून शब्द गोळा करून यादी बनवली तर चूकही यादीत जाऊन बसते.

सगळ्यात वाईट म्हणजे जिथे दोन्ही शब्द खरे असतात. दरवर्षी ८ मार्चला बॅनर लागतात 'जागतिक महिला दीन'. दीन म्हणजे बिचारी! स्पेलचेकर म्हणतो, वा, उत्तम शब्द.

गप्प_बसा (गुरुवार, रात्री ११:३१)

आमच्या शाळेत 'शिक्षक दीन' होता. त्यात चूक आहे असं कोणालाच वाटलं नाही.

रफार (शुक्रवार, सकाळी ७:०५)

'दुसर्या' राहिला की. तो माझा विषय.

हे वाचा. "आचार्यांना दक्षिणा दिली." "आचाऱ्यांना दक्षिणा दिली." पहिल्यात गुरुजी, दुसऱ्यात लग्नातला स्वयंपाकी. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. फरक एवढाच की एकात वर रफार आणि दुसऱ्यात तो आडवा कोयता. मराठी वाचणाऱ्याची जीभ तिथे आपोआप वेगळी वळते, दुसर्या वाचताना मला दर वेळी ठेच लागते.

पण यात लिहिणाऱ्याचा दोष अर्धाच. युनिकोडमध्ये (म्हणजे कॉम्प्युटरमधली सगळ्या लिप्यांची अक्षरयादी) हा कोयता काढायचे दोन रस्ते आहेत. एक म्हणजे ऱ हे वेगळं अक्षर घेऊन त्याचा पाय मोडायचा. दुसरा म्हणजे साधा र, पायमोड, आणि मध्ये एक न दिसणारं जोडणारं चिन्ह. पडद्यावर दोन्ही डिट्टो सारखे, पण कॉम्प्युटरच्या लेखी दोन वेगळे शब्द. म्हणून होतं काय, यादीत एक आणि तुमच्या कीबोर्डातून दुसरा, की बरोबर लिहूनही लाल रेघ! आणि ते न दिसणारं चिन्ह कॉपी-पेस्ट करताना कुठे गळालं की आचारी लगेच आचार्य.

ॲ चं पण तेच रडगाणं. २००८ साली युनिकोडमध्ये त्याला स्वतःचं अक्षर मिळालं, त्याच्या आधी अ काढून त्यावर चंद्र ठेवायचो, आजही कित्येक कीबोर्ड तसंच करतात. माझ्याकडे १२०० पाककृतींची फाइल आहे, तिच्यात 'ॲल्युमिनियमचं पातेलं' शोधलं तर निम्म्याच सापडतात. निम्मी पातेली जुन्या ॲ ची.

चहाटळ (शुक्रवार, सकाळी ७:२०)

१२०० पाककृती?? धागा काढा आधी. शुध्दलेखन गेलं खड्ड्यात.

कानामात्रा (शुक्रवार, सकाळी ७:४४)

@चहाटळ, शुध्द नाही शुद्ध 🙂 द आधी, ध नंतर. आणि ही अशी चूक आहे जी कॉम्प्युटर झोपेत पकडेल, कारण मराठीत 'ध्द' असा जोड खरं तर लागतच नाही. पध्दत, प्रसिध्द, सुध्दा, डोळे मिटून उलटं करा. तरी 'शुध्दलेखन स्पर्धा' असे बोर्ड दिसतात म्हणजे कोणी लाल रेघेकडे बघतच नाही, विंग_बी म्हणाल्या तसं.

निवृत्त_खडू (शुक्रवार, सकाळी १०:१०)

प्रथम खुलासा, ते सर मी नव्हे. मी नाशिकला असतो आणि हिरवं पेन वापरतो, लाल पेनाने मुलं घाबरतात.

विंग_बीताई, नऊपैकी बऱ्याच चुका एका दुपारात जातील. मराठीत शब्दाच्या शेवटी इ-उ आला की तो दीर्घ. पाणी, की, कवी, गुरू, मी, ही. 'आणि' आणि 'नि' हे अपवाद सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतात म्हणून उलट सगळंच ह्रस्व करावंसं वाटतं. पण कवी समासात गेला की पुन्हा ह्रस्व, कविसंमेलन. मृत्यू पण मृत्युपत्र. नागरिक, सामाजिक, हार्दिक, यातला 'इक' कायम ह्रस्व. आणि भरून, करून, बसून मधला 'ऊन' कायम दीर्घ, मुलांना मी सांगायचो की ऊन कधी लहान नसतं, एप्रिलात बाहेर जाऊन बघा. फक्त धातूत व असेल तर तो गिळायचा नाही, जेव म्हणून जेवून, धाव म्हणून धावून. घे आणि गा यांना व नाही म्हणून घेऊन, गाऊन.

हे नियम काही ज्ञानेश्वरांच्या काळापासून आलेले नाहीत हेही सांगतो. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम शासनाने १९६२ साली मान्य केले, १९७२ साली आणखी चार आले, असे एकूण १८. त्याआधी न उच्चारलेले अनुस्वारही द्यावे लागत. माझ्या वडिलांची पत्रं आहेत माझ्याकडे, "कांहीं काळजी करूं नये, पत्र पाठवावें". एका ओळीत चार टिंबं! मी पाटीवर शिकलो ते टिंबांसकट आणि पुढे शिकवलं ते टिंबांशिवाय. वडील शेवटपर्यंत टिंबं देत राहिले, ते अशुद्ध लिहीत होते असं म्हणायची माझी छाती नाही.

भाकरतुकडा (शुक्रवार, दुपारी १:३५)

सर तुमच्याबद्दल आदर आहे पण हा 'शुद्ध' शब्दच मला टोचतो. शुद्ध म्हटलं की दुसरा अशुद्ध झालाच ना मग. मी अकोल्याकडचा, आमच्याकडे पाणी नाही पानी, डोळा नाही डोया. पुण्यात कॉलेजला आलो तेव्हा हॉस्टेलच्या ग्रुपवर मी 'कोनी येतं का जेवाले' लिहिलं तर एकाने त्याचा स्क्रीनशॉट काढून स्टेटसला ठेवला, त्यानंतर तीन वर्षं मी त्या ग्रुपवर फक्त अंगठे टाकले. जेवायला मात्र सगळेच आले होते, म्हणजे कळलं होतं सगळ्यांना.

आणि हे ह्रस्व-दीर्घाचं एवढं काय घेऊन बसलात? मोडीत इ आणि ई ला वेगळी खूण नव्हती, उ आणि ऊ ला पण नव्हती. पेशव्यांचं दप्तर सगळं मोडीत, हिशेब, तह, जमिनीचे वाद, घोड्यांचा दाणा. कोणाचं काही अडलं नाही. कानामात्रा म्हणतात शब्दासमोर कुळ लिहावं लागतं, म्हणजे मराठी लिहायला आधी संस्कृत यायला पाहिजे. गरीब फारसीतून आला म्हणून वाकतो आणि शरीर संस्कृतातून आलं म्हणून ताठ उभं राहतं, हा न्याय कुठला?

निवृत्त_खडू (शुक्रवार, दुपारी २:२०)

स्क्रीनशॉट काढणाऱ्याला माझ्या वर्गात बाकावर उभं केलं असतं. बोलण्यात चूक नसतेच, ती तुमची बोली आहे आणि 'जेवाले' अगदी बरोबर आहे. मुद्दा परीक्षेच्या पेपराचा आणि सरकारी अर्जाचा. गरीब-शरीर मात्र तुम्ही बरोबर बोट ठेवलंत, चाळीस वर्षं शिकवूनही त्याचं पटेल असं उत्तर मला मुलांना देता आलं नाही. पाठ करा म्हणायचो.

रफार (शुक्रवार, दुपारी २:४१)

मोडीचा मुद्दा मान्य पण मोडी वाचणारा संदर्भावरून लावायचा आणि तरीही जाणकार आजही एकेका ओळीवर वाद घालतात. नोटिशीत वाद परवडत नाही.

भाकरतुकडा (शुक्रवार, दुपारी २:४६)

नोटीस सगळ्यांना कळली होती भाऊ. हातांचा पुरवठा बंद होणार असं कोणालाच वाटलं नसेल.

सातासमुद्र (शुक्रवार, संध्याकाळी ६:०२)

न्यू जर्सीहून. इथे आमच्या पोरांचा प्रश्नच वेगळा, ती मराठी लिहितात ती रोमन लिपीत. 'आहे' दहा प्रकारे लिहितात आणि त्याला नियमच नाही त्यामुळे चूकही नाही, भाकरतुकडा यांचा स्वर्ग 😀 फक्त फोनला वाटतं हे मोडकं इंग्रजी आहे. माझ्या लेकीने परवा बापाला विचारलं "आई आली का घरी", फोनने 'आई'चं केलं 'एआय'. नवरा ऑफिसात मीटिंगमध्ये, त्याला वाटलं शाळेच्या प्रोजेक्टबद्दल आहे, त्याने उत्तर दिलं "हो, पण तिच्यावर जास्त अवलंबून राहू नकोस".

एआयवरून आठवलं, मी हल्ली एका चॅटवाल्या एआयला मजकूर तपासायला देते. ह्रस्व-दीर्घ बरेच बरे पकडतो पण हात आखडत नाही. मी सासूबाईंना लिहिलेलं "लाडू मिळाले, पोरांनी दोन दिवसात फस्त केले बघा" त्याचं "लाडू प्राप्त झाले. मुलांनी ते दोन दिवसांत संपविले, याची नोंद घ्यावी". नोंद घ्यावी! सासूबाईंनी पुढच्या वेळी लाडवांसोबत पावती पाठवली असती.

पडवी (शुक्रवार, रात्री ८:१५)

मी पणजीहून. आम्ही दोन्हीकडून मार खातो, कोंकणी लिहिली तर मराठी कीबोर्ड लाल करतो, मराठी लिहिली तर पुण्यातले लोक.

विंग_बी (शुक्रवार, रात्री ९:३०)

बापरे किती लिहिलंत सगळ्यांनी. अपडेट देते.

आज संध्याकाळी धीर करून सरांकडे गेले, कागद घेऊनच. दार उघडल्या उघडल्या म्हणाले "आणलंस का लिहून?" मी म्हटलं सर, स्पेलचेकरला सात दिसल्याच नाहीत. तर त्यांनी आत नेलं आणि टेबलावरचं बाड दाखवलं, पेपरातल्या चुका कापून वहीत चिकटवतात, तारीख घालून. सात वह्या आहेत. कोणाला पाठवत वगैरे नाहीत, नुसत्या चिकटवतात. काकू आतून ओरडल्या, "तिला चहा तरी विचारा आधी, मग चुका दाखवा". निवृत्त_खडू, तुमचं 'ऊन कधी लहान नसतं' त्यांना सांगितलं, हसले आणि वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं.

त्यांनी गोल का मारले हे पण विचारलं. म्हणाले, बोर्डावरची नोटीस वाचणारा सगळ्या बिल्डिंगमध्ये मी एकटाच आहे, बाकीचे ग्रुपवर विचारतात. ते खरंच आहे.

तर दोघांनी बसून नवी केली. लावायच्या आधी इथे टाकते, काढा काय चुका काढायच्या त्या:

"सर्व सभासदांना कळविण्यात येते की येत्या १२ तारखेला, रविवारी पाण्याची टाकी धुण्यात येणार आहे. त्यामुळे दिवसभर पाणीपुरवठा बंद राहील. सर्वांनी आदल्या दिवशी पाणी भरून ठेवावे. ज्येष्ठ नागरिकांना दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बोअरचे पाणी मिळेल. आपल्या सहकार्याबद्दल धन्यवाद."

कानामात्रा (शुक्रवार, रात्री ९:४१)

स्वच्छ. माझ्याकडच्या यादीत घालून बघितलं, 'बोअरचे' अजूनही लाल 😀 आजच शब्द घालतो.

रफार (शुक्रवार, रात्री ९:५५)

'दुसऱ्या' आत उघडून बघितला. खरा ऱ आहे. जियो.

निवृत्त_खडू (शुक्रवार, रात्री १०:२०)

२०/२०. 'कळविण्यात येते की' नंतर स्वल्पविराम हवा की नको यावर माझे आणि तुमच्या सरांचे मतभेद होऊ शकतात, तो विषय त्यांच्यासमोर काढू नका.

भाकरतुकडा (शनिवार, सकाळी ६:५०)

एक विचारू का. आज १२ तारीख ना? आज तर शनिवार आहे.

चहाटळ (शनिवार, सकाळी ६:५८)

अरे देवा

कानामात्रा (शनिवार, सकाळी ७:०४)

मी तीनदा वाचली नोटीस. तीनदा!

विंग_बी (शनिवार, सकाळी ७:३२)

टाकीवाले सात वाजताच आले, त्यांना मी १२ तारीख सांगितली होती. व्हॉल्व बंद केलाय. बी विंगमध्ये एकानेही पाणी भरलेलं नाही, ग्रुपवर सत्तेचाळीस मेसेज पडलेत आणि एकालाही ह्रस्व-दीर्घाची पर्वा नाहीये. सर आत्ता खाली आले होते, अंगाला साबण लागलेला, टॉवेल गुंडाळून. बोर्डासमोर उभं राहून दोन मिनिटं नुसतं बघत होते. मग 'रविवारी' भोवती एक गोल काढला आणि वर गेले.

बोअरची मोटर लावलीये. ज्यांना बादल्या लागतील त्यांनी पार्किंगमध्ये या.